मोजलेली चाती आणि वापरातली चाती

चरख्याची चाती म्हणजे पोलादाची बारीक, सरळ सळई. पेळूतून निघणाऱ्या तंतूंना पीळ बसतो तो तिच्या टोकाशी, आणि तयार झालेले सूत गुंडाळले जाते तेही तिच्यावरच. चाती जराशी वाकली तरी फिरताना थरथरते, आणि ती थरथरली की सूत तुटते. चरख्यातला हा सर्वांत बारीक भाग, आणि सर्वांत नाजूक कामही त्याच्याचकडे. घासून झिजू नये इतकी ती कठीण हवी आणि हाताळताना तुटू नये इतकी चिवटही हवी. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

वर्धा जिल्ह्यात या साधनाचा विचार फार मनापासून झाला. विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले, गांधीजी १९३४ साली. ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत सुरू झाले आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी तिथेच मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. ज्यांच्या नावाने मगनवाडी ओळखली जाते त्या मगनलाल गांधींनी चरख्याच्या शास्त्रात आयुष्य वेचले होते. पुढे याच मगनवाडीत खादी-ग्रामोद्योगांसाठी संशोधन संस्था उभी राहिली. आज ती महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था या नावाने काम करते.

साध्या चरख्याच्या चातीपुरते लोहाराचे कसब आणि कातणाऱ्याचा अनुभव पुरेसा होता. अंबर चरखा आला आणि मागणी वाढली. तामिळनाडूतील एकंबरनाथ यांनी घडवलेला हा चरखा १९५० च्या दशकात खादीच्या कामात रुजला, आणि त्याच्यासोबत गिरणीतल्या रिंग फ्रेमचे तत्त्वही खेड्यात आले: उभी चाती, तिच्याभोवती पोलादी रिंग आणि रिंगेवरून धावणारा तारेचा इवलासा ट्रॅव्हलर. सतत घासले जाणारे हे भाग कठीण केलेले असावे लागतात. ते खरोखर कठीण झाले आहेत की नाही, हे मात्र नजरेला कळत नाही. पाणी पाजलेली आणि न पाजलेली चाती घासून लखलखीत केली की दिसायला सारखीच.

चाती कठीण आहे असे म्हणताना ते काठिण्य नेमके कुठे आहे असे म्हणायचे असते? चातीत? तिला टोचणाऱ्या हिऱ्याच्या टोकात? की त्या दोघांच्या गाठीभेटीत? आणि जिला अजून कशाचाही स्पर्श झालेला नाही अशी डब्यातली चाती कठीण असते का? हे प्रश्न पंडितांच्या सभेतले वाटतील. बारीक व्यासाच्या चातीचे काठिण्य मोजायला बसलेल्या माणसाला मात्र ते टाळता येत नाहीत, कारण त्यांचे उत्तर गृहीत धरल्याशिवाय त्याला एकही आकडा लिहिता येत नाही.

वैशेषिक दर्शनाने द्रव्याच्या आश्रयाने राहणारे चोवीस गुण मानले. रूप, रस, गंध, स्पर्श, संख्या, परिमाण अशी ही यादी आहे. तिच्यात गुरुत्व आहे, द्रवत्व आहे, स्नेहही आहे, काठिण्य नाही. ही उणीव परंपरेच्या नजरेतून सुटली नव्हती. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या आपल्या छोट्या ग्रंथावर स्वतःच ‘दीपिका’ ही टीका लिहिली आणि तिच्यात हा आक्षेप मांडला. लघुत्व, मृदुत्व, कठिनत्व हेही अनुभवाला येतात, मग गुण चोवीसच कसे? त्याचे उत्तर एका वाक्यात संपते. लघुत्व म्हणजे गुरुत्वाचा अभाव. मृदुत्व आणि कठिनत्व हे अवयवांच्या संयोगाचे विशेष प्रकार. महाराष्ट्रात या ग्रंथाच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. आठल्ये आणि बोडस यांची १८९७ ची मुंबईची आवृत्ती अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. तरी हे छोटे उत्तर वाचताना सहज निसटून जाते, आणि ते निसटू नये इतके ते मोलाचे आहे.

कारण या उत्तराने काठिण्याचे घरच बदलते. पांढऱ्या वस्तूला पांढरा रंग असतो तसे कठीण वस्तूत काठिण्य नावाचे वेगळे काही भरलेले नसते. अवयव तेच असतात, त्यांची जुळणी वेगळी असते, आणि त्या जुळणीलाच काठिण्य म्हणायचे. पोलादाला पाणी पाजताना नेमके हेच घडते. सुमारे ०.८ ते १ टक्का कार्बन असलेले पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. ते सावकाश थंड केले तर कार्बन बाहेर पडून वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. तेलात किंवा पाण्यात एकदम विझवले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आत अडकतो, लोखंडाची नवी रचना ताणलेलीच राहते, आणि अशा ताणलेल्या रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकू शकत नाहीत. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते आणि तितकीच ठिसूळ. म्हणून चाती पुन्हा दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवून तिचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. या सगळ्यात चातीत नवे काही मिळवले नाही, काही काढूनही घेतले नाही. लोखंड तेवढेच आणि कार्बनही तेवढाच. बदलला तो संयोग. अन्नंभट्टाला अणुरचनेचे आजचे ज्ञान होते असे सुचवणे चुकीचे ठरेल. त्याच्या उत्तराची तर्करचना मात्र इथे जशीच्या तशी टिकते.

उष्णतेने वस्तूत बदल कसा होतो, यावर न्याय आणि वैशेषिक यांच्यात जुना वाद आहे. कच्चा घडा भट्टीत भाजून लाल होतो तेव्हा तो अणूंपर्यंत विस्कटतो, अणूंचा रंग बदलतो आणि मग घडा पुन्हा जुळतो, असे वैशेषिक म्हणतात. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणतात की घडा आहे तसाच राहून आतबाहेर भाजला जातो. भट्टीतला घडा तोच आहे हे ओळखता येते आणि त्याच्यावर रचलेले घडेही कोसळत नाहीत. हा पिठरपाकवाद. पोलादाच्या बाबतीत दोन्ही बाजूंच्या पदरात काही ना काही पडते. चाती भट्टीत विस्कटत नाही, तिचा आकार आणि तिची ओळख कायम राहते, हे नैयायिकांचे म्हणणे खरे. पण बदल घडतो तो अवयवांच्या पातळीवर आणि रचना मोडून नव्याने जुळते, हा वैशेषिकांचा आग्रहही खरा. एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. त्या परंपरेत पाकाने होणारा बदल पृथ्वीद्रव्यापुरताच मानला आहे, आणि खाणीतून निघणारे सोन्यासारखे धातू तेजात मोजले आहेत. पोलादाला हा वाद लावणे म्हणजे त्याची जुनी हद्द ओलांडणे होय.

इतरांनी काठिण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशात काठिण्य हा पृथ्वीधातूचा स्वभावच मानला आहे, आणि चारही महाभूते प्रत्येक भौतिक वस्तूत असल्यामुळे ते कमीअधिक प्रमाणात सगळीकडे आहे. इंग्लंडमध्ये जॉन लॉकने घनता आणि काठिण्य वेगळे केले: जागा अडवणे हे वस्तूचे स्वतःचे, पण कठीण आणि मऊ ही नावे माणूस आपल्या शरीराच्या ठेवणीशी ताडून देतो. लॉकचे हे निरीक्षण बोटांनी चाचपण्यापुरते बरोबर आहे. हिऱ्याचे टोक आणि वजन यांच्या साहाय्याने मोजणी सुरू झाली तेव्हा ताडून पाहण्याची गोष्ट शरीराबाहेर गेली, आणि प्रश्न अधिक धारदार झाला.

मोजणीची सर्वांत जुनी आणि अजूनही जिवंत असलेली रीत कानशीची. पाणी नीट बसले असेल तर कानस नुसती घसरते, नसेल तर चावते. तिच्यातून ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळते, आकडा मिळत नाही. १८१२ मध्ये फ्रीडरिश मोसने खनिजांची चढती उतरंड लावली. तिच्यात क्रम आहे, अंतर नाही. १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेलने पोलादी गोळी दाबून तिच्या खळग्यावरून काठिण्य काढले. पाणी पाजलेल्या बारीक भागांसाठी मात्र दोन पद्धती महत्त्वाच्या ठरल्या, रॉकवेल आणि विकर्स.

अमेरिकेतील ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांना १९१९ मध्ये पेटंट मिळाले. बेअरिंगच्या कड्यांवर पाणी सारखे बसले आहे का, हे पटकन कळावे हा त्यांचा हेतू होता. या पद्धतीच्या ‘सी’ मापात १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आधी १० किलोच्या भाराने टेकवतात, मग भार १५० किलोपर्यंत वाढवतात, पुन्हा १० वर आणतात आणि शंकू कायमचा किती खोल गेला ते पाहतात. प्रत्येक ०.००२ मिलिमीटर खोलीमागे शंभरातून एक अंक वजा होतो. काठिण्य ६० असेल तर खोली ०.०८ मिलिमीटर. इतक्या सूक्ष्म अंतरावर सगळा निवाडा अवलंबून असतो, म्हणून खालचा आधार जरा हलला, चाती खाचेत नीट बसली नाही किंवा पृष्ठभागावर धूळ असली तरी आकडा बिघडतो.

गोल पृष्ठभागाचा दोष याहून मूळचा आहे. सपाट पृष्ठभागावर शंकूच्या चारी बाजूंना धातूचा आधार असतो. बारीक सळईवर तो दोन्ही कडांकडे उतरत जातो, म्हणून शंकू अधिक खोल जातो आणि काठिण्य खऱ्यापेक्षा कमी दिसते. यासाठी दुरुस्तीचे तक्ते आहेत. सुमारे ६ मिलिमीटर व्यासाच्या सळईवर ‘सी’ मापाचा आकडा ६० च्या आसपास आला तर त्यात दीडेक अंक मिळवावा लागतो. २० च्या आसपास आला तर सहाएक. व्यास याहून लहान झाला की या दुरुस्तीवर भिस्त ठेवता येत नाही.

दीड अंक मिळवणे ही किरकोळ बाब वाटते. तात्त्विकदृष्ट्या या संपूर्ण विषयातली ती सर्वांत बोलकी गोष्ट आहे. १९२७ मध्ये पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने असे मांडले की कोणत्याही संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची कृती, त्यापलीकडे काही नाही. काठिण्याला हा विचार लावणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूला जोरही आहे: रॉकवेल खोली मोजतो, कानस ओरखडा पाहते, मग या सर्वांमागे काठिण्य नावाची एक वस्तू कशाला मानायची? पण तसे असेल तर यंत्राने दाखवलेला आकडा हेच काठिण्य, त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. ५८ आले तर ५८. त्यात दीड मिळवणारा कारागीर असे मानून चालतो की त्याच पोलादाची, तेच पाणी बसलेली सपाट पट्टी आणि बारीक सळई यांचे काठिण्य एकच आहे, आणि फरक आहे तो विचारण्याच्या रीतीत. दुरुस्ती करणे म्हणजे आकड्याच्या पलीकडे काही आहे याची कबुली देणे. ब्रिजमनचे म्हणणे इथे थिटे पडते, आणि अन्नंभट्टाचा संयोग उभा राहतो: जुळणी एकच, तिला विचारलेले प्रश्न वेगवेगळे.

फार बारीक चातीसाठी विकर्सची पद्धत घ्यावी लागते. इंग्लंडमधील विकर्स कंपनीत स्मिथ आणि सँडलंड यांनी ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. हिऱ्याच्या १३६ अंशांच्या चौकोनी पिरॅमिडने खूण उमटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कर्ण मोजायचे. ७०० विकर्स काठिण्याच्या पोलादावर १ किलोच्या भाराने उमटलेल्या खुणेचा कर्ण अवघा ०.०५१ मिलिमीटर भरतो. कर्ण वाचताना एका मायक्रॉनची चूक झाली तर उत्तर सुमारे ४ टक्क्यांनी हलते; भार १०० ग्रॅमवर आणला तर तीच चूक १२ टक्क्यांपर्यंत जाते. खूण जितकी लहान, तितका पाहणाऱ्याचा डोळा मापात अधिक शिरतो.

आणि गोलाईचा प्रश्न पूर्णपणे सोडवायचा तर चाती आडवी कापावी लागते. तो तुकडा बेकेलाइटमध्ये बसवून आरशासारखा घासतात आणि छेदाच्या सपाट तोंडावर, कडेपासून पुरेसे अंतर राखून, खुणा उमटवतात. कापताना पुरेसे पाणी सोडले नाही तर चाकाच्या उष्णतेने तिथले पाणी उतरते, आणि मग मोजले जाते ते कापणाऱ्यानेच बिघडवलेले काठिण्य. नीट केलेला छेद मात्र खूप काही सांगतो. भट्टीतल्या हवेने पृष्ठभागावरचा कार्बन जळून गेला असेल तर बाहेर मऊ साल आणि आत कठीण गाभा असा प्रकार दिसतो. चाती जितकी बारीक, तितका या सालीचा वाटा मोठा. एकाच चातीत एके ठिकाणी काठिण्य आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. नैयायिकांनी संयोगाला अव्याप्यवृत्ती म्हटले आहे, म्हणजे तो आपल्या आश्रयाला संपूर्ण व्यापत नाही. झाडावर माकड असते ते फांदीशी, मुळाशी नसते, हे त्यांचे ठरलेले उदाहरण. काठिण्याला संयोग म्हणण्याचा हा आणखी एक फायदा. चाती कठीण आहे की मऊ, असा सरसकट प्रश्न मग उरत नाही. कुठे, हेही विचारावे लागते.

पण कापलेली चाती पुन्हा चरख्यावर चढत नाही. जिचे काठिण्य नक्की कळले ती कायमची कामातून गेली, आणि जी सूत कातते आहे तिचे काठिण्य कुणी पाहिलेले नाही. मोठ्या भागांवर रॉकवेलची बारीक खूण राहिली तरी भाग वापरता येतो, म्हणून तिथे हा पेच जाणवत नाही. लहान व्यासाच्या चातीत तो टाळता येत नाही. सुताचेही असेच आहे: ज्या धाग्याचा कस कळला तो तुटलेला धागा.

न तपासलेल्या चातीबद्दल बोलण्याचा आधार मग कोणता? मराठीत त्याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. हा न्याय संस्कृतात स्थालीपुलाक म्हणून प्रसिद्ध आहे आणि पतंजलीच्या महाभाष्यातही आला आहे. बोटांत चिरडलेले शीत पानात वाढले जात नाही, हे त्यात ध्वनित आहेच. पण त्याची खरी ताकद अटीत आहे. भांडे एक, पाणी एक, आच एक, तांदूळ एक, तरच एका शिताची साक्ष बाकीच्यांना लागू पडते. भट्टीच्या एका लॉटमधून काढलेली चाती त्याच लॉटबद्दल बोलू शकते, दुसऱ्या दिवशीच्या लॉटबद्दल नाही. एकाच लॉटमध्येही भट्टीच्या दाराजवळचे आणि मधले नग सारखे तापले नसतील तर भांडे एक असूनही आच एक राहत नाही. चार्वाकांनी अनुमानावर घेतलेला आक्षेप, म्हणजे न पाहिलेल्याबद्दल खात्री कशी देणार हा, इथे नुसता उडवून लावता येत नाही. त्याला उत्तर द्यायचे तर अटी सारख्या ठेवाव्या लागतात, आणि सारख्या ठेवल्याचा पुरावाही द्यावा लागतो. अनुमान इथे भट्टीवरच्या कष्टाने कमवावे लागते.

डब्यातल्या चातीच्या प्रश्नाला दर्शनांत थेट उत्तरे आहेत. मीमांसक शक्ती हा स्वतंत्र पदार्थ मानतात. अग्नी जाळत नसतानाही त्याच्यात जाळण्याची शक्ती असते, तशी न टोचलेल्या चातीतही प्रतिकाराची शक्ती असते असे त्यांना म्हणता येईल. नैयायिक, विशेषतः उदयनाचार्य, अशी अदृश्य शक्ती वेगळी मानायला तयार नाहीत. कारणसामग्री पुरेशी आहे. ब्रिजमनच्या वाटेने जाणाऱ्याला हा प्रश्नच निरर्थक वाटेल. या तिघांत नैयायिकांची बाजू अधिक सशक्त आहे. अवयवांची जुळणी चाती डब्यात असतानाही असते, ती कुणी विचारण्याची वाट पाहत नाही. म्हणून न मोजलेली चाती कठीण आहे असे म्हणायला शक्तीसारखी जादा वस्तू लागत नाही आणि मोजणीचीही गरज नसते. मोजणी लागते ती आपल्याला कळण्यासाठी.

कळलेले सांगायचे कसे, हा शेवटचा भाग जैन विचाराने उत्तम हाताळला आहे. स्याद्वादाप्रमाणे कोणतेही विधान एका बाजूने खरे असते, आणि ती बाजू विधानासोबत बोलली गेली पाहिजे. काठिण्याच्या प्रमाणित लेखनात हेच केले जाते. विकर्सचा आकडा नुसता ६४० असा लिहीत नाहीत. त्यापुढे पद्धतीचे चिन्ह आणि भार लिहितात, आणि भार नेहमीपेक्षा वेगळा वेळ ठेवला असेल तर तो वेळही. रॉकवेलच्या ६० ला ‘सी’ जोडला नाही तर तो आकडा कशाचाच नाही, कारण दुसऱ्या मापावर त्याच ६० चा अर्थ पार वेगळा होतो.

बारीक चातीच्या बाबतीत ही शिस्त आणखी पुढे न्यायला हवी. अंबर चरख्याचे सुटे भाग घडवणाऱ्याने, विकत घेणाऱ्या संस्थेने आणि तपासणाऱ्याने दाखल्यावर एवढे तरी लिहावे: कोणत्या मापावर, किती भाराने, गोल अंगावर की छेदावर, कडेपासून किती आत, गोलाईची दुरुस्ती केली की नाही, कोणत्या लॉटमधून किती नग काढले आणि त्यांतले किती कापले. मोजलेली चाती आणि वापरातली चाती यांच्यामधले अंतर या तपशिलाने नाहीसे होत नाही, पण ते किती आहे हे दाखला वाचणाऱ्याला कळते. असा तपशील नसलेला दाखला चाती घेणाऱ्याने परत पाठवावा.